सहवेदनेची मर्यादा ठरवून मिळणेबाबत

प्रति,
मा. मुख्याध्यापिका,
शब्दांगण विद्यालय, पिंपळे सौदागर.

विषय : कु. अनुया (इयत्ता सहावी) हिला खो-खो संघातून वगळल्याबाबत, तसेच सहवेदनेची मर्यादा ठरवून मिळणेबाबत.

संदर्भ : मूल्यशिक्षणाचा तास, पाठ ‘दुसऱ्याच्या जागी उभे राहून पाहा’.

महोदया,

वरील विषयी अर्ज करतो की, मी चाकण येथील एका कारखान्यात सुट्या भागांची मापे तपासतो. माझी मुलगी अनुया आपल्या शाळेत शिकते आणि गेल्या आठवड्यापासून मधल्या सुट्टीत एकटीच डबा खाते. ती तक्रार करत नाही, म्हणून मी करतो.

१. जून महिन्यात रणजीत सरांनी वरील पाठ शिकवला. मूल्यशिक्षण आणि खेळ हे दोन्ही विषय सरांकडेच आहेत, ही बाब पुढे महत्त्वाची ठरते. पाठ इतका उत्तम शिकवला गेला की अनुया दुसऱ्याच्या जागी जी उभी राहिली, ती अद्याप परत आलेली नाही.

२. आमच्या सोसायटीत घरपोच सामान आणणाऱ्यांना लिफ्ट वापरण्यास मनाई आहे. म्हणून अनुयाही जिन्याने चढते, आणि मुलीला एकटी कशी सोडावी म्हणून मीही. भाजीला गेली की कोणीच न घेतलेली, मान टाकलेली मेथीची जुडी उचलते. हा पाठ भाजीला लागू नाही, असे माझी पत्नी सौ. मंजुषा हिने तिला खूप समजावले. संध्याकाळी आम्ही तीच मेथी खाल्ली.

३. आमच्या कारखान्यात कोणतेही माप उणे-अधिक मर्यादेशिवाय देत नाहीत. इतके कमी चालेल, इतके जास्त चालेल, त्यापलीकडे माल नापास. त्या धर्तीवर मी घरी तक्ता लावायला घेतला : सहवेदना दिवसातून एकदा, रविवारी दोनदा. मी स्टुलावर चढलेला पाहून ती म्हणाली, “बाबा, कंपनीतून दमून येता आणि घरीही तपासणीच?” तक्ता गुंडाळून ठेवला.

४. आता मूळ घटना. आंतरशालेय खो-खोचा अंतिम सामना. समोरच्या संघाची शेवटची मुलगी पळत होती, मागे अनुया. हात लांबवला की गडी बाद आणि ढाल आपली. इतक्यात कडेला त्या मुलीची निघोज्याहून आलेली आजी ओरडली, “पळ गं माझी बाय, म्हातारी तुलाच बघाया आलीया!” अनुयाने हात लांबवलाच नाही. आपण हरलो. का, असे विचारता म्हणाली, “त्या आजी पहिल्यांदाच आल्या होत्या.” खोटे कशाला सांगू, मीही कपाळावर हात मारला.

५. सरांनी तिला संघातून वगळले आणि मैत्रिणींनी डब्याच्या घोळक्यातून. ज्या गुणासाठी सकाळच्या तासाला शाबासकी मिळाली, त्याच गुणासाठी दुपारी मैदानाबाहेर बसवले. आमच्याकडे एकाच मापाचा माल सकाळी पास आणि दुपारी नापास केला, तर तपासणाऱ्यालाच घरी पाठवतात.

६. सबब सरांची चौकशी व्हावी, असे मी लिहिले होते. अनुयाने अर्ज वाचून दाखवायला लावला. सरांनी अख्खी दिवाळीची सुट्टी सरावात घालवली, त्यांना किती लागले असेल, म्हणून ते खोडले. तिला संघात परत घ्यावे, असे लिहिले. तर तिच्या जागी आलेल्या ऋताने हौसेने नवे बूट आणलेत, म्हणून तेही खोडले. मुलींना समज द्यावी, असे लिहिले. “त्या माझ्यामुळे हरल्या, रुसणारच ना,” म्हणून तेही गेले. मागणीच उरेना. शेवटी वैतागून मी विचारले, “मग बाई, तुला काय हवंय?” सगळ्यांच्या जागी उभ्या राहणाऱ्या या मुलीला हे आमच्या घरात आजवर कोणी विचारलेच नव्हते. ती रडली. मला फार वाईट वाटले.

तरी, मर्यादेचा विषय तूर्त राहू द्यावा. विनंती एवढीच की, मधल्या सुट्टीत कोणीतरी येऊन अनुयाच्या शेजारी बसावे. रणजीत सर बसले तरी चालेल. उद्यापासून तिच्या डब्यात एक थालीपीठ जास्तीचे असेल.

आपला नम्र, आणि जिना चढून दमलेला पालक,
हरिहर देवस्थळी
पिंपळे सौदागर, दि. १२ डिसेंबर २०२५

सोबत : मेथीचे थालीपीठ, नमुन्यादाखल.