पुरी सात मिनिटं

गुरुजी, तुम्हाला जाऊन पंचवीस वर्षं होऊन गेली. काल नात शाळेतून आली अन् म्हणाली, आजी, समोरचे लईच मागं पडले की सामना लवकर संपवतात, त्यांची लाज राखायला. मी म्हटलं, कोणाची लाज राखतात ते तुझ्या सरले विचार. तिला समजलं नाही. तुम्हाला समजेल, म्हणून लिहायला बसली. सातवीनंतर पेन फारसा धरला नाही, अक्षराला नावं ठेवू नका.

यवतमाळच्या त्या मोठ्या शाळेचं मैदान आठवते ना. खो-खोचा सामना. त्यांच्या पोरींच्या पायात पांढरे बूट, आम्ही बाभुळगावाकडच्या अनवाणी. अर्ध्या सामन्यात त्यांनी आमच्या एकोणीस बाद केल्या, आम्ही त्यांच्या दोन. त्यांचे सर हसत आले, हातातलं घड्याळ खिशात टाकत म्हणाले, "गुरुजी, निकाल तर लागलाच. बिचाऱ्या दमल्या, इथंच संपवू. जेवण तयार आहे." अन् तुम्ही हात जोडून म्हणालात, "उपकार होतील, सर." तो शब्द मला एकोणीसपेक्षा जास्त लागला. मी मधीच बोलली, "काहून संपवायचं? आमी जेवाले आलो का?" तुम्ही माझा कान धरला. "तोंड आवर. मोठ्या माणसांत बोलून राह्यली." मी म्हटलं, "कान धरा, पण आमाले पळतीची पुरी सात मिनिटं पायजे." ते सर म्हणाले, "खेळू द्या हो, दोन मिनिटांत होतील साऱ्या बाद," अन् घड्याळ काढलं.

मी पळते आहे. आमचा सराव कपाशीची पऱ्हाटी कापलेल्या वावरातला, धसकट चुकलं नाही तर तळवा फाटायचा. तिथं वळायला शिकलेली पोरगी त्या सपाट मैदानावर कोणाला सापडते. माझ्या जोडीच्या दोघी बाद झाल्या, मी एकटी उरली. त्यांच्या पोरी धापा टाकू लागल्या, सर घड्याळाकडं पाहू लागले. सात मिनिटं झाली तेव्हा मी उभीच होती. सामना हरलो तो हरलो, पण त्या सरांनी जेवणाचं नाव पुन्हा काढलं नाही. येताना बसमध्ये खिडकीची जागा तुम्ही मला दिली अन् स्वतः बाभुळगावपर्यंत उभे राहिलात. दुसऱ्या दिवशी साऱ्या शाळेपुढं म्हणालात, "सात मिनिटं हिला कोणाचं बोट लागलं नाही."

हा कागद नातीच्या वहीतला. पाठवणार कुठं, तांदळाच्या डब्यात ठेवून देते. पण एक राहिलं, गुरुजी. पाचव्या मिनिटाला खांबाजवळ एकीची बोटं माझ्या पाठीला लागली होती. ती पोरगी बोलली, पंचानं ऐकलं नाही, अन् मी थांबली नाही. आजही थांबणार नाही.