पार्सलरावांचा हेतू

३ नोव्हें.
सोसायटीचा दिवाळी अंक आला. त्यात बी विंगच्या मेधाची विनोदी कथा. नायक पार्सलराव: निवृत्त, बायको वारलेली. ऑफिसला गेलेल्यांची पार्सलं स्वतःकडे ठेवून घेतो आणि न्यायला आलेल्याला दारात अडवून चौकशा करतो. "काय मागवलंत? केवढ्याला पडलं?" आख्ख्या सोसायटीत हा उद्योग एकच माणूस करतो. मी. लिहिलंय झकास. दोनदा हसलो. मग जेवण गेलं नाही.

९ नोव्हें.
क्लब हाउसमध्ये अंकावर चर्चा. गेलो. न जाणं म्हणजे कबुलीच. पार्सलराव असं का वागतो, यावर गाडी अडली. कुलकर्णीबाई म्हणाल्या, "रिकामा न्हावी, दुसरं काय!" वरच्या मजल्यावरचा निखिल, आयटीवाला: "अशा लोकांना कंट्रोल हवा असतो." हशा. मग सगळे माझी नजर चुकवायला लागले.

मी म्हटलं, "बेल वाजावी म्हणून घेत असेल. एरवी कोण येतं त्याच्याकडे?"

मेधा म्हणाली, "नाही हो काका, इतकं खोल नाहीये ते. तो नुसता भोचक आहे."

लेखिकाच म्हणते म्हटल्यावर संपलं. चहाही गार होता.

१२ नोव्हें.
ग्रुपवर सेक्रेटरी: पार्सलं यापुढे वॉचमनच्या केबिनमध्ये. 'काकांना त्रास नको.' खाली अंगठेच अंगठे. मीही एक दिला. माझं बोलणं त्यांना कळलंच नाही, की कळलं म्हणूनच...

१८ नोव्हें.
कोणी नाही. दूधवालासुद्धा पिशवी कडीला अडकवून जातो. सुमन असती तर म्हणाली असती, "बरं झालं, हॉल मोकळा झाला." फारच मोकळा झालाय. दुपारी रडू आलं. या वयात, कशावरून, तर लोकांच्या खोक्यांवरून.

२१ नोव्हें.
संध्याकाळी बेल. मेधा! एका मासिकाला तिची कथा हवी आहे, पण शेवट बदलून.

"काका, तुम्ही ते बेलचं म्हणाला होतात ना, ते घेऊ का? काय मस्त बसेल!"

आत ये म्हटलं. पोहे टाकतो म्हटलं. घाईत होती, चप्पलही काढली नाही.

"सांगा ना, घेऊ?"

"विचार करून सांगतो. उद्या ये."

"अहो, फोन करा ना, त्यात काय!"

फोन बिघडलाय म्हणालो.