दिलेलं बाळ

सोमवार, ३ जून
माझं सगळं बदललं ते गेल्या मंगळवारी सकाळी अकराला, फिजीत, सुवाच्या कॉलेजच्या पायरीवर फोन वाजला तेव्हा. फोलाऊदादा बोलत होता. तो सहा महिने ऑस्ट्रेलियाला संत्री तोडायला चाललाय, पोरांना बघायला कोणी नाही, येतोस का? त्याचं वाक्य संपायच्या आत मी हो म्हणालो. दादाला वाटलं भाऊ किती मायेचा. खरं कारण असं की दादाचं गाव तेच वायोलाचं गाव. ती गेल्या वर्षी कॉलेज सोडून इथे परत आली आणि तेव्हापासून माझं पुस्तकात मन म्हणून लागलं नाही.

आज दुपारच्या बोटीने सामोआतल्या सावाई बेटावर उतरलो. काय गाव आहे! समोर समुद्र, मागे नीरफणसाची झाडं, मधोमध दादाचं निळ्या दाराचं घर आणि अंगणात वहिनीचं थडगं, अजून साधं, सिमेंटचं. वहिनी धाकट्याच्या बाळंतपणातच गेली. मी तिला कधी पाहिलं नाही. मला लहानपणीच तुतुइला बेटावरच्या आत्याला देऊन टाकलं होतं, त्यामुळे दादाच्या लग्नाला मी नव्हतो, आणि तिच्या मातीलाही मी पोचलो नाही. दादाने तिचे सगळे फोटो पेटीत घालून कुलूप लावलंय. बघवत नाहीत म्हणतो.

पोरं तीन. सोसे सहा वर्षांची, मालाकी चारचा, आणि सेमिसी, आठ महिन्यांचा, भोपळ्यासारखा. दादा संध्याकाळी निघाला. जमेल, त्यात काय आहे.

बुधवार, ५ जून
त्यात बरंच काही आहे.

पहाटे पाचला सेमिसीची बाटली. मग अंगणातली पानं झाडायची, ती सोसे झाडते. आधी आईचं झाडते, मग घराचं. नीरफणस भाजायचा, तोवर मालाकी शेजाऱ्यांच्या डुकराला शर्ट घालून मोकळा. सोसेची वेणी मला येत नाही. आज ती शाळेत गेली तेव्हा मागून नारळाच्या शेंडीसारखी दिसत होती, आणि मला म्हणाली, असू दे काका, उद्या जमेल. शेजारच्या मातालेनाआजी कुंपणावर हनुवटी टेकून करमणूक करून घेतात. लंगोट आहे की अळकुड्यांचं पोतं बांधतोयस, म्हणाल्या. कॉलेजात हे शिकवत नाहीत वाटतं?

दुपारी कपडे धुऊन थडग्यावर वाळत घातले, इथे सगळेच घालतात. पाचला तिघांच्या अंघोळी, सहाला शंख वाजला की प्रार्थना, मग जेवण, मग एका मच्छरदाणीत तिघं.

वायोला दिसली. प्रार्थनेनंतर चर्चमध्ये गाण्याची तालीम असते. मी खिडकीशी उभा राहिलो. ती बाहेर येऊन म्हणाली, पेपर टाकून आलास ना, शहाण्या? आणि पोरं कुणाकडे आहेत? मी पळत घरी आलो.

रविवार, ९ जून
एक सोय झाली. अंघोळीच्या वेळी एक बाई मागच्या पायरीवर येऊन बसते. तिशीची असेल, केस मोकळे, फार बोलत नाही. पहिल्या दिवशी मी मालाकीच्या डोक्याचा साबण काढत होतो आणि सेमिसी ओरडून निळा झाला होता. तिने हात पुढे केले, मी देऊन टाकला. एका मिनिटात गप्प. तिघं तिच्यापाशी मांजराच्या पिल्लांसारखी बसतात. सोसेची वेणी तिनेच घातली, काय सुरेख. मी सोसेला विचारलं, कोण गं ह्या? ती म्हणाली, अंघोळीच्या वेळी येते ती. गावात सगळेच एकमेकांच्या घरात असतात, मी खोदून विचारलं नाही.

ती असली की मला तालमीला जाता येतं. वायोला आज हसली.

बुधवार, १२ जून
आज ती बाई म्हणाली, माझ्या मांडीवर कोणी नाही. हा मला दे.

मी एक पाय पायरीवर, एक रस्त्यावर, शंख वाजलेला. आमच्यात कोणी असं मागितलं तर नाही म्हणत नाहीत. मलाही असंच मागून नेलं होतं. आणि बहुतेक वेळा ते बोलण्यापुरतंच असतं. मी म्हणालो, घ्या ना, तुमचाच आहे तो. तिने मान खाली घातली, इतकी खाली, की मला उगाच कसंतरी झालं.

तिच्या झग्याचा छातीकडचा भाग ओला होता. अंघोळीचं पाणी असेल.

शुक्रवार, १४ जून
सेमिसी बाटली घेत नाही. भूक लागल्यासारखं रडतही नाही. तोंडाला मात्र दुधाचा वास येतो.

दवाखान्यात नेला. नर्स म्हणाली, ताप नाही, काही नाही, पण अंग गार का आहे हो याचं? कार्डावरच्या वजनापेक्षा दोन किलो उतरलाय. अकरा दिवसांत काय केलंत? मी तिच्यावरच भडकलो. परत येताना बसमध्ये तो माझ्याकडे बघत नव्हता. घराच्या दिशेनेच बघत होता.

रात्री दादाचा फोन आला. पडद्यावर बाळ पाहून हसला. किती शांत झालाय, आईवर गेला, म्हणाला. नेटवर्क जातंय म्हणून मी फोन ठेवला.

शनिवार, १५ जून
सोसेला सांगितलं, आज ती बाई आली तर बाळ तिच्याकडे द्यायचं नाही. सोसेने हातातला झाडू ठेवला. मग म्हणाली, पण काका, आईकडे का नाही द्यायचं?

मी म्हणालो, कुठली आई.

ती म्हणाली, आपली. मला वाटलं तुला माहीत आहे.

पेटीचं कुलूप दगडाने फोडलं. वरचाच फोटो. तेच केस.

सोमवार, १७ जून
काल मी तिला नाही म्हणालो. थडग्याला लाथा घातल्या, वाट्टेल ते बोललो. ती पायरीवर होती. रागावली नाही. एवढंच म्हणाली, मी त्याला एकदाही पाजलं नाही रे. तू दिलास, म्हणून घेतला.

आज सेमिसीचे ओठ पांढरे. दवाखान्याने ठेवून घेतला नाही, उद्या मोठे डॉक्टर येतील म्हणे—

वायोला आली होती. पोरांना जेवू घातलं. या वेळी शहाण्या म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

मंगळवार, १८ जून
मोठे डॉक्टर आले नाहीत. मातालेनाआजींना सगळं सांगितलं. त्या आज हसल्या नाहीत. म्हणाल्या, मागणारा कोण ते न बघता हो म्हणालास. ती चोरून न्यायला आली नव्हती, मागून नेलं. आता शब्द तू मोडतोयस, अपराधी तू. ओरडून काय होणार? एखाद्याचं माणूस मारलं असतंस तर काय केलं असतंस? तेच कर.

म्हणजे पहाटे त्या माणसाच्या घरच्यांच्या दारासमोर जाऊन बसायचं, डोक्यावरून घरातली बारीक विणीची चटई घेऊन. मान वर करायची नाही. त्यांनी चटई उचलली तर माफी. नाही उचलली तर ते करतील ते.

मी विचारलं, मेलेल्या माणसापुढे कोणी बसलंय का असं? त्या म्हणाल्या, मेलेल्याला कोणी मूल दिलंय का असं?

बुधवार, १९ जून. पहाट
सेमिसी श्वास घेतो. मधेच घेत नाही. मी मोजतो— चौदा, पंधरा— घेतला.

चटई काढली. वहिनीच्याच लग्नातली आहे, सोसेने सांगितलं.

वायोलाला निरोप दिलाय, उजाडताच ये. सोसेची वेणी, बाटल्या, सगळं लिहून ठेवलंय. मालाकीला नीरफणसाची साल काढून द्यावी लागते.

सोसे जागी आहे. विचारते, आईला काय सांगणार? म्हटलं, तुझं बाळ तुझंच आहे, पण आम्हाला हवंय. म्हणाली, माझीही आठवण काढली म्हण.

खिडकीतून दिसतंय. ती पायरीवर नाही. थडग्यावर बसलीय, पाठ इकडे. मांडीवर काहीतरी आहे. सेमिसी तर इथे, माझ्या हाताशी—

गार.

बाविसाव्याला घेतला श्वास. घेतला.

सेमिसीला सोसेजवळ ठेवून निघतो. पोरांनी बघू नये म्हणून दार बाहेरून ओढून घेतो. तिने चटई उचलली तर मी आत येऊन लिहीन.