मामाजींची तलावावरची पाळी

दिव्यानीचे बाबा,

मोहर्लीहून आल्यावर मामाजी घरात दिसले नाई तर घाबरू नका. ते लटारूभाऊंसोबत तलावावर राखणीला गेले आहेत.

मामाजींच्या विसरण्याचं गावात कोणाजवळ बोलू नको, असं तुम्ही बजावलं होतं. मी बोलले. आठ महिने त्यांच्यामागे धावून जीव थकला होता, म्हणून मच्छीमार सोसायटीच्या बैठकीत उभी राहून सगळं सांगितलं. लटारूभाऊ म्हणाले, "सूनबाई, आमाले का दिसत नाई? तू कवा सांगशीन, याचीच वाट पाहून राह्यलो होतो." मग रोज दुपारच्या राखणदारासोबत त्यांनी मामाजींचीही पाळी लावली.

काल जाळं पाहायला आलेल्या अध्यक्षांनाच मामाजींनी मासेचोर समजून बखोटीला धरून गावात आणलं! अध्यक्ष म्हणे, "बुढ्याले काढू नका बरं, असा राखणदार मिळणार नाई." घरी येऊन मामाजींनी दोनदा भात मागून घेतला.

चुलीवर झिंग्यांचा रस्सा आहे, वाढून घ्या. रागवायचं असेल तर संध्याकाळी रागवा. मी आणि दिव्यानी मागच्या खोलीत झोपलो आहोत, भरदिवसा, दार लावून. उठवू नका.

गिरजा