सुकटीचा डबा

८ जानेवारी ६८, सोमवार
इथं आखातात यांच्या ऑफिसातले डॅन साहेब कॅनडाचे, त्यांची बायको सूनजा कोरियाची. गुरुवारी डोंगरापलीकडे खोर फक्कानला समुद्रावर तंबू ठोकून राहायचं, आम्हालाही बोलावलंय. ज्यानं त्यानं आपल्या मुलखाचं खायला आणायचं. मी लगेच म्हटलं, तांदळाची भाकरी न् सुक्या जवळ्याची चटणी. तर हे म्हणतात, "हमीदा, सुकट नको हां. साहेबासमोर वास मारेल, इज्जत जाईल." मग न्यायचं काय? केक! म्हणजे साहेबाला साहेबाचंच खायला घालायचं. वा रे वा.

१० जाने.
केक आला. अम्मीनं रत्नागिरीहून लाँचवर पाठवलेल्या जवळ्याचा डबा पिठाच्या पिशवीत खुपसलाय. माझ्या मुलखाचं म्हणून मी दुसऱ्यांचा केक वाढणार नाही. खलास.

११ जाने., खोर फक्कान
पहाटे निघालो. डोंगरात रस्ता कसला, नुसते दगडगोटे. लँडरोव्हर अशी उडाली की डब्याचं झाकण निघालं. पीठ, जवळा, सगळं माझ्या मांडीवर. आणि वास! यांचं तोंड बघण्यासारखं झालं. सॉरी सर, सॉरी सर करत डबा बाहेर फेकायला हात घातला. मी डबा सोडला नाही. म्हटलं, "फेकलात तर मीही इथंच उतरेन."

सूनजानं गाडी थांबवायला सांगितली. मला वाटलं, झालं, आता ओकणार. तिनं माझ्या मांडीवरचा चिमूटभर जवळा उचलला, तसाच कच्चा तोंडात टाकला. डोळे मिटून चावत राहिली. मग रडायलाच लागली. ती काय बोलली ते यांनी मला सांगितलं, तिची आई कोबीत हेच घालायची. लढाईत आई गेली, त्यानंतर ती चव नाही.

मी पदरानं तिचे डोळे पुसले. दुसरं काय करणार, मला इंग्लिश कुठं येतंय.

१२ जाने., शुक्र., तिथंच
सूनजानं आणलेल्या बरणीत मीठ-मिरचीत आंबवलेला कोबी, त्याला किमची म्हणतात. तिनं त्यात माझा मूठभर जवळा कालवला आणि पहिला घास माझ्या तोंडात दिला. झणझणीत, आंबट. भाकरीशी तर बेस्टच.

डॅन साहेबांनी निखाऱ्यावर जाड रोटी भाजली, वर झाडाच्या रसाचा पाक. अगदी आपली काकवी, थोडी पातळ. नंतर साहेब माझ्या चटणीवर तुटून पडले. नाकातून पाणी, तरी ताट पुढेच. हे कोपऱ्यात बसून बघत होते.

केकला मुंग्या लागल्या.

आज माझी छाती फुगली. लिहूनच ठेवते.

१३ जाने.
घरी. येताना डबा यांच्या मांडीवर होता. झाकणावर दोन्ही हात. मी हसले तर म्हणाले, रस्ता खराब आहे ना.

१६ जाने.
यांनी ऑफिसभर सांगितलंय. जसा काही जवळा यांनीच अंगणात वाळवला. सांगू देत. नाव माझंच घेतात म्हणे.

२३ जाने.
सूनजा आली होती. साहेबांचं इथलं काम संपलं, कॅनडाला परत चाललेत. दिवस अजून ठरला नाही. तिकडे न्यायला जवळा मागितला. दुकानातला नको, तुझ्या आईचाच, असं यांच्याकरवी दोनदा सांगितलं. आणि माझा डबा रिकामा! इतकं वाईट वाटलं.

हे उठले, चप्पल घालून थेट खोरीवर, लाँचच्या धक्क्यावर. मुंबईमार्गे रत्नागिरीला निघालेली लाँच चालवणाऱ्या तांडेलाला गाठलं, अम्मीला निरोप दिला. मोठी गोणी पाठव म्हणून.

२ फेब्रु.
साहेबांची तिकिटं आली, पुढच्या आठवड्याची. लाँचचा पत्ता नाही. हे रोज ऑफिसातून सुटले की आधी खोरीवर जातात. इन्शाल्ला येईल.

आज हे जाताना मी विचारलं, गोणी खांद्यावर आणणार ना, वास मारेल सगळ्या बाजारात?
म्हणाले, "मारू दे. रत्नागिरीची आहे."
मी डबा धुऊन उन्हात ठेवलाय.