ठसका न्यूजची मोकळी खुर्ची

१ डिसेंबर, दुपार

आज ठसका न्यूजच्या इतिहासातला मोठा दिवस. आमचे मालक आणि मुख्य संपादक धोंडप्पाअण्णा (वय चौऱ्याहत्तर, ऑफिसातल्या एकमेव फिरत्या खुर्चीचे धनी) यांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, की आता वय झालं, जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेआधी खुर्ची सोडणार. नवा मुख्य संपादक चॅनेलमधलाच असेल. हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या डोक्यामागे घड्याळ आहे हे खरं, पण घड्याळाकडे माणूस इतक्या मायेने बघत नाही.

बावीस वर्षं संध्याकाळी सहाच्या बातम्या मी वाचतोय. दुसरं आहेच कोण? कॅमेऱ्यावरचा बसवराज दिवसाला चार शब्द बोलतो. रिपोर्टर पूनमला येऊन जेमतेम तीन वर्षं झालीत.

उद्यापासून पाचला उठणे, आवाजाचा रियाज, तंबाखू बंद. कमी बोलणे, संपादकाला शोभेल असे.

२ डिसेंबर, स. ८.४०

उठलो. गजर वाजला होता असं श्रीदेवी म्हणते. बायको असून नवऱ्याला उठवत नसेल, तर एकट्या गजराने काय करावं? रियाज केला. शेजाऱ्यांनी येऊन विचारलं, घरात कुणाला बरं नाही का. तंबाखू बंद केली. दुपारी एकदाच खाल्ली, ती बंद केल्याच्या आनंदात.

४ डिसेंबर

अण्णांचा मुलगा अनिलकुमार पुण्याची नोकरी सोडून आला. हातात लॅपटॉप. म्हणे चॅनेल डिजिटल करायचं. मी लगेच सांगितलं की मी सुरुवातीपासून डिजिटल आहे, रोज सकाळी एकशे चाळीस लोकांना सुविचार पाठवतो. तो म्हणाला, हो, मलाही येतो. प्रभावित दिसला.

पूनम नातेपुत्याची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. काडीवर मोबाइल लावून गावभर हिंडते आणि कॅमेऱ्यासमोर सरळ हाय, न्हाय म्हणते. आज तिला बोलावून आहे-नाही शिकवलं. ती म्हणाली, व्हय काका. लोकांना ती आवडते म्हणतात. लोकांना काय, भजीही आवडतात.

७ डिसेंबर

अण्णा देवळात गेले असताना त्यांच्या खुर्चीत बसून पाहिलं. पाठीला फार बरं वाटतं. डोळे मिटून पहिलं संपादकीय मनात जुळवत होतो, तेवढ्यात अण्णा आले. म्हटलं, स्क्रू तपासत होतो. अण्णांनी विचारलं, डोळे मिटून? स्पर्शाने जास्त कळतं, असं मी सांगितलं. त्यांना पटलं असावं, कारण त्यांनी मला बाकीच्या खुर्च्यांचेही स्क्रू तपासायला सांगितले.

१० डिसेंबर

युक्ती सुचली. अण्णांच्या कारकिर्दीवर निरोपाचा खास कार्यक्रम करायचा. सगळा एकट्याने, कुणाची मदत नाही. अण्णा खूश, अनिलकुमारला माझी झेप कळणार. आणि एकदा टीव्हीवर निरोप झाला की अण्णांना माघार घेता येणार नाही. श्रीदेवीला सांगितलं. ती कानडीत म्हणाली, सुम्न कुंद्री. म्हणजे गप्प बसा. मोठ्या माणसांच्या घरी हे चालायचंच.

१३ डिसेंबर

कार्यक्रम तयार. आमच्या कंप्युटरवर तयार चौकटी दोनच. एक वाढदिवसाची, फुगेवाली. दुसरीत झेंडूचा हार, समई आणि मागे बासरी. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला फुगे शोभत नाहीत, म्हणून दुसरी घेतली. फोटो ब्लॅक अँड व्हाइट केला, भारदस्त दिसतो. पूनमने बघितलं आणि म्हणाली, काका, एवढा ह्यो हार तेवढा काढा की. तिला समजावलं की ग्राफिक्स हा अनुभवाचा विषय आहे.

मजकूर माझाच. "सोलापूरच्या पत्रकारितेतील एक पर्व संपले. अण्णा आता आपल्यात नसतील, पण त्यांचे विचार कायम सोबत राहतील." मूळ वाक्य "आपल्यात, म्हणजे ऑफिसात" असं होतं. ओळीत बसेना, म्हणून ऑफिस काढलं.

१४ डिसेंबर, सायं. ७.२५

लागला! आवाज असा लागला की शेवटच्या वाक्याला माझाच कंठ दाटला. पाच मिनिटांत ऑफिसचे तिन्ही फोन वाजायला लागले. एक बाई तर रडत होत्या. बावीस वर्षांत असा प्रतिसाद कधी पाहिला नाही. फोन बसवराजकडे सोपवून घरी आलो. यशाच्या वेळी माणसाने नम्र राहावं.

१५ डिसेंबर, पहाट, एसटीत

करकंबच्या मावसभावाला भेटायचं फार दिवसांपासून मनात होतं. रात्री अनिलकुमारचे नऊ फोन आले, तेव्हा एकदम आठवण झाली.

१६ डिसेंबर, करकंब

मावसभावाच्या मोबाइलवर सगळं पाहिलं. लिहून ठेवतो, पुढे इतिहासाला लागेल.

अण्णांची बहीण शांतम्मा अक्कलकोटहून जीप करून आली. सोबत अकरा माणसं. दारातच, अय्यो नम्म अण्णा, म्हणून हंबरडा फोडला. दार खुद्द अण्णांनी उघडलं, हातात कडक भाकरीचा तुकडा. शांतम्मा आधी मटकन खाली बसली, मग भावावरच चिडली, की जिवंत आहेस तर फोन उचलायला काय झालं होतं. गल्लीतल्या दुकानांनी शटर अर्धं ओढलेलं. कुंभारीहून आलेल्या विडी कामगारांनी हार आणलेला. तो परत नेणं बरं दिसेना, म्हणून त्यांनी तो अण्णांच्या गळ्यात घातला आणि सत्कार केला.

हे सगळं लोकांना दिसलं, कारण पूनम ओट्यावर मोबाइल घेऊन उभी होती. लाइव्ह. म्हणत होती, मंडळी, अण्णा ठणठणीत हायती, ही बघा भाकरी खात बसल्यात, घाबरू नका, अफवेवर इस्वास ठेवू नका. अफवा म्हणाली! माझं नाव घेतलं नाही हे खरं. मावसभाऊ म्हणाला, पोरगी लई भारी हाय. त्याच्याकडे आणखी दोन दिवस राहणार होतो, आता एकच राहतो.

१८ डिसेंबर

ऑफिसात गेलो. शांत डोक्याने विचार केला तर नुकसान कुठे आहे? अण्णांबद्दल लोकांना किती प्रेम आहे ते कळलं, बहीण वर्षभराने घरी आली, चॅनेलचं नाव जिल्ह्यात झालं. हे सगळं अनिलकुमारला तीन पानांत लिहून दिलं. त्याने पानं उलटी धरली होती, पण वाचत होता.

अण्णा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. जवळ बोलावून हळूच विचारलं, महेश्वरा, बातमी वाचताना तुझा गळा भरून आला होता, ते खरं होतं का रे? खरं होतं, असं मी म्हणालो. मग त्यांनी पाठीवर हात ठेवला. तेव्हा मला स्वतःची लाज वाटली. त्या हाताचा अर्थ काय घ्यायचा, हा प्रश्न मात्र अजून खुला आहे.

२२ डिसेंबर, दुपार

मीटिंग झाली. मुख्य संपादक: पूनम.

टाळ्या वाजवल्या. माझ्या सगळ्यात जोरात होत्या.

२२ डिसेंबर, सायंकाळ

राजीनामा लिहितोय. चौथं पान. श्रीदेवी म्हणते, जेवून घ्या, मग सोडा नोकरी.

२३ डिसेंबर

राजीनामा दिला. अनिलकुमार म्हणाला, ठीक आहे. इतक्या पटकन ठीक म्हणण्यासारखं त्यात काय होतं? पूनमने मात्र तो त्याच्या हातातून घेतला, सगळा वाचला आणि म्हणाली, काका, लई लांब हाय, टीव्हीच्या खालच्या पट्टीवर बसायचा न्हाय. मग म्हणाली, तुमी गेला तर सहाच्या बातम्या कोण वाचणार? आमची आई, म्हाळसाबाई, तुमच्या आवाजाबिगर झोपत न्हाय. मी विचारलं, रोज ऐकतात? तर म्हणे, दुसऱ्या बातमीलाच डोळा लागतो तिचा, गोळीसुदिक बंद झाली.

अशी दाद सगळ्यांच्या नशिबात नसते. राजीनामा मागे घेतला, पण अटीवर. सहाच्या बातम्यांत कुणी लुडबुड करायची नाही. भाषा माझी, आवाज माझा, वेळ माझी. पूनम लगेच हो म्हणाली.

२९ डिसेंबर, सायं. ७

माझ्या स्वतंत्र कारभाराचं पहिलं बातमीपत्र. इस्त्रीचा कोट. तंबाखू नाही, खरंच नाही. बावीस मिनिटं वाचलं, एक अक्षर अडखळलं नाही. कांद्याच्या आवकेची बातमी अशी वाचली की बसवराज कॅमेऱ्यामागून "वा" म्हणाला. आजच्या कोट्यातला एक शब्द त्याने माझ्यावर खर्च केला.

पूनम समोरच्या स्टुलावर बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकत होती. उठताना म्हणाली, काका, लई झ्याक वाचलं. फोन किती आले, असं मी विचारलं. ती बसवराजकडे बघायला लागली, बसवराज वायरी गुंडाळायला लागला. मग तिनेच सांगितलं, की रस्ता खोदताना केबल तुटली, चार वाजल्यापासून सगळ्या शहरात लाइन बंद हाय. मोबाइलवर पण टाकलं न्हाय, तुमचीच अट होती की लुडबुड नको. सांगणार होते काका, पण तुमी कोट घालून बसला होता, मग माझ्यानं बोलवंना.

म्हणजे बावीस मिनिटं मी दोन माणसांना बातम्या वाचून दाखवल्या. वाईट वाटलं. लपवण्यात अर्थ नाही, फार वाईट वाटलं. पण पूनम उठून गेली नाही. बाहेर तिच्यासाठी ऑफिसचे तिन्ही फोन वाजत होते, तरी ती कांद्याच्या भावापर्यंत बसून राहिली.

घरी आल्यावर श्रीदेवीला विचारलं, टीव्हीवर काय दिसलं? ती म्हणाली, लावायचाच राहिला. लाइन गेल्याचं तिला माहीतच नव्हतं.