चष्म्याच्या दुकानात आलेला हिरो

ती. आईस, लांबूनच वाकून नमस्कार.

पत्र मिळालं. समोरच्या घरी तिचं लग्न नीट पार पडलं, हे वाचलं. बरं झालं.

मी ठीक आहे, दोन्ही वेळ जेवतो. बाबांचा गुडघा कसा आहे? माझा विषय निघाला की अजून उठून जातात का?

एक सांगायचं म्हणजे, माझा राग गेला. परवा मालक चारचौघांत ओरडले, तरी मी गप्प. कॉलेजात असतो तर हात उचलला असता.

झालं असं, की जिच्या लग्नाचं तू लिहिलंस ती ज्याच्यासाठी वेडी होती, तो सिनेमातला हिरो वाचायचा चष्मा करायला आमच्या दुकानात आला. सगळे उठून उभे राहिले. मी खाली मान घालून पावती करत होतो. नेहमीसारखं विचारलं, "नाव काय?"

"गाढवा, कुणाला विचारतोयस!" मालक ओरडले.

"विचारू द्या हो," तो हसला. "कित्येक वर्षांत कुणी विचारलं नव्हतं."

जाताना त्याने आपणहून कागद घेतला. "सही कुणाच्या नावाने करू?"

याचीच सही आणून देईन, असं मी तिला छातीठोक सांगितलं होतं. पण तिचं नाव तोंडातून निघेना. म्हटलं, "आईच्या."

"आईचं नाव काय?"

क्षणभर आठवेचना. तुला कधी नावाने हाक मारलीय का मी?

कागद सोबत पाठवतोय. ती माहेरी आली आणि आपल्याकडे डोकावली, तर मुद्दाम दाखवू नकोस. लपवूही नकोस.

तुझा,
तुला हवा होता तसा शांत झालेला मुलगा